लाखेवरची कुजबुज

मराठीत एखादी गोष्ट कायमची ठरली की तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाले असे आपण म्हणतो. ह्या एका शब्दात दोन ठसे आहेत. मराठेशाहीतल्या कागदावर वरच्या अंगाला शिक्का उमटायचा आणि मजकूर संपला की तळाशी लहानसा मोर्तब. शिक्का सांगायचा की हे कोण बोलते आहे. मोर्तब सांगायचा की बोलणे इथे संपले, ह्याखाली कोणी काही घुसडू नये. छत्रपतींचा असो की पेशव्यांचा, शिक्क्यावरची भाषा अधिकाराची. नाव, पद, देवाचा किंवा राजाचा वरदहस्त. मुद्रा म्हणजे सत्तेचा आवाज, अशीच समजूत घेऊन मी इतिहासाची पुस्तके वाचत आले होते.

म्हणून लंडनला लेकीकडे गेले असताना पोर्टोबेलो रस्त्यावरच्या शनिवारच्या बाजारात एक जुनी मुद्रा हाती आली, तेव्हा मी आधी तिच्यावर नाव शोधले. मुद्रा कसली, अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू. पिवळ्या धातूची नक्षीदार मूठ, वर साखळीत अडकवायची कडी आणि तळाला तांबूस रंगाचा चपटा खडा. अशा मुद्रा शे-दोनशे वर्षांपूर्वी पुरुष घड्याळाच्या साखळीला लटकवत, बायका गळ्यातल्या किंवा कमरेच्या साखळीला. त्या काळी ती कामाची वस्तू होती आणि दागिनाही. खड्यात काहीतरी कोरलेले दिसत होते, पण उलटे; नाव मात्र कुठेच नव्हते.

पुण्याला परतल्यावर आमच्या सोनाराकडून लाखेची कांडी आणली. मेणबत्तीवर ती वितळवून कागदावर थेंब पाडला, खड्यावर फुंकर मारून तो किंचित दमट केला (नाहीतर लाख चिकटते) आणि दाबला. उचलल्यावर लाखेत एक होडी उठून आली. खाली लाटा, वर एकच तारा, आणि कडेने फ्रेंच अक्षरे: ‘सी ज त पेर, ज स्वी पेर्द्यु’. तुला गमावले, तर मी हरवलोच. होडी ताऱ्याला सांगत होती.

मला आठवते, मी बराच वेळ त्या लाल थेंबाकडे बघत बसले. अधिकाराची भाषा बोलणारी मुद्रा मला ठाऊक होती. आपण किती परावलंबी आहोत हे बोलून दाखवणारी मुद्रा मी पहिल्यांदाच पाहत होते. कोणी करून घेतली असेल? दर्यावर्दी माणूस असेल का? त्याची ती कोण? मनात एक कथा तयारही झाली.

ती कथा एका बुडबुड्याने फोडली. नाण्यांचा संग्रह करणाऱ्या एका स्नेह्यांनी भिंगाखाली खडा पाहिला आणि म्हणाले, “ताई, ही काच आहे. आत हवेचा बुडबुडा बघा. दगडात असा गोल बुडबुडा नसतो. आणि अक्षरांच्या कडा बघा, गोलसर आहेत. चाकावर कोरलेल्या दगडाच्या कडा धारदार असतात. हे साच्यातले काम आहे.” साच्यातले म्हणजे एकासारखे एक, पुष्कळ. पुढे शोध घेतला तेव्हा हीच होडी, हाच तारा आणि हेच वाक्य संग्रहांच्या आणि लिलावांच्या याद्यांत पुन्हा पुन्हा भेटले. माझ्या दर्यावर्द्याने काहीच लिहिले नव्हते. त्याने दुकानातून एक वाक्य विकत घेतले होते.

ह्या लेखाचा प्रश्न तेव्हा पडला. विकत घेतलेले प्रेमाचे वाक्य खोटे असते का?

*

आधी दुकानाची गोष्ट. दगडात मुद्रा कोरणे हे जुने आणि महागडे कसब. अकीक, विशेषतः त्याचा तांबडा प्रकार म्हणजे कार्नेलियन, ह्या कामाला उत्तम, कारण तो कठीण असतो, त्याला गुळगुळीत झिलई येते आणि मेण किंवा लाख त्याला सहसा धरून बसत नाही. गुजरातेत रतनपूरच्या खाणींत मिळणारा आणि खंबायतेत तापवून लाल केला जाणारा हा दगड शतकानुशतके परदेशी जात होता, पुढे मुंबईच्या बंदरातूनही. असा दगड कोरायचा तर फिरत्या चाकाच्या टोकाला तेल आणि हिऱ्याची पूड लावून कण कण झिजवावा लागतो, आणि सगळे आरशातल्यासारखे उलटे. ही चैन सरदार-जहागीरदारांची.

ती सामान्यांच्या हाती आणली जेम्स टॅसी ह्या स्कॉटिश माणसाने. १७३५ साली ग्लासगोजवळ जन्मलेला टॅसी मुळात पाथरवट. डब्लिनमध्ये हेन्री क्विन नावाच्या डॉक्टरबरोबर प्रयोग करून त्याने एक विशिष्ट काच तयार केली. कोरलेल्या खड्याचा साचा घ्यायचा आणि तापवून मऊ केलेली ही काच त्यात दाबायची. मूळ खड्यातली बारीकशी रेघही तिच्यात उतरे. १७६६ मध्ये तो लंडनला आला आणि युरोपभरच्या संग्रहांतल्या प्राचीन खड्यांच्या प्रतिकृती करू लागला. रशियाच्या कॅथरीन राणीने त्याच्याकडून संपूर्ण संच मागवला; तो आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. १७९१ मध्ये टॅसीच्या संग्रहाची यादी छापली गेली तेव्हा तिच्यात १५,८०० नोंदी होत्या. ही यादी करणारा रुडॉल्फ एरिख रास्प म्हणजे बॅरन मुंचहाउझेनच्या थापांचे पुस्तक लिहिणारा लेखक. जर्मनीत ज्या संग्रहाचा तो रखवालदार होता त्यातल्याच वस्तू विकल्याचे उघडकीस आल्यावर इंग्लंडला पळून आलेला. खड्यांची पारख त्याला होती ह्यात शंका नाही.

जेम्सनंतर त्याचा पुतण्या विल्यम टॅसी लंडनच्या लेस्टर चौकातले दुकान चालवू लागला आणि काळाची नाडी त्याने ओळखली. ग्रीक देवता आणि रोमन सम्राट घेणारे गिऱ्हाईक थोडे. चित्र आणि चटकदार ब्रीद घेणारे पुष्कळ. १८२० मध्ये त्याने केवळ अशा मुद्रांची स्वतंत्र यादी छापली. निरनिराळ्या भाषांतली ब्रीदे, त्यांची चित्रे आणि ज्यांना त्या भाषा येत नाहीत त्यांच्यासाठी इंग्रजी भाषांतर. म्हणजे गिऱ्हाइकाने यादी चाळायची आणि आपल्या मनातले वाक्य निवडायचे.

*

एवढी मागणी का होती हे समजायला त्या काळचे टपाल समजून घ्यावे लागते. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचा खर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणून दुप्पट खर्च. तेव्हा लोक एकच ताव घेत, लिहून झाल्यावर त्याचीच घडी घालून बाहेरच्या कोऱ्या जागेवर पत्ता लिहीत आणि घडी उघडू नये म्हणून तिथे लाखेचा थेंब टाकून मुद्रा दाबत. पिठाची पातळ चकती ओली करून चिकटवण्याची स्वस्त पद्धतही होती, पण जिभेने ओली केलेली चकती मोठ्या माणसाला पाठवणे शिष्टाचाराला धरून नव्हते. लाख ती लाखच. लाल नेहमीची, काळी सुतकाची.

इंग्रजीत ह्या पदार्थाला मेण म्हणतात, पण सोळाव्या शतकापासून युरोपात जे वापरले जाऊ लागले त्याचा गाभा मेणाचा नव्हता. तो आपल्याकडच्या पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे तयार करतात त्या लाखेचा. त्यात टर्पेंटाइनचे राळद्रव्य आणि लाल रंगासाठी हिंगूळ. आपला ‘लाखबंद’ हा शब्द इंग्रजी शब्दापेक्षा जास्त खरा आहे. लंडनच्या प्रेमपत्रांवरचा तो लाल थेंब भारतातल्या रानांतून गेलेला होता.

आणखी एक तपशील फार महत्त्वाचा. टपालहशील बहुधा पत्र घेणारा भरत असे. पत्र दारात आले की पैसे देणारा, म्हणजे बहुतेक घरांत वडील किंवा नवरा, ते आधी हातात घेणार. उलटून पाहणार. टपालवाल्याने पाहिलेले, दार उघडणाऱ्या मोलकरणीने पाहिलेले. आतला मजकूर खासगी, पण लाखेवरचा ठसा चारचौघांत.

ह्या मुद्रांमधल्या चातुर्याचे कारण मला इथे सापडले. उघड जागेवर खासगी बोलायचे असेल तर बोलणे दुहेरी असावे लागते. वडिलांनी विचारले तर सांगता आले पाहिजे, “हे होय? टॅसीच्या दुकानातली होडी आहे, सगळेच वापरतात.” आणि जिला कळायचे तिला होडी कोण आणि तारा कोण हे कळलेच पाहिजे. वाक्य फ्रेंचमध्ये असण्याचा एक फायदा हाच. शिकलेल्या मुलीला ते वाचता येई, नोकराचाकरांना बहुधा नाही. बाजारू तयारपणा हा ह्या वाक्याचा दोष वाटतो, पण तेच त्याचे पांघरूण होते.

*

आता काही नमुने पाहू. चित्र आणि वाक्य एकत्र वाचले तरच गंमत कळते. नुसते वाक्य अर्धे, नुसते चित्रही अर्धे.

झाडाच्या खोडाला वेढून वर चढलेली आयव्हीची वेल: ‘जिथे बिलगते तिथेच मरते.’ एकटे पान: ‘मरतानाच काय तो बदलतो.’ पान मरताना रंग बदलते हे निसर्गाचे निरीक्षण, आणि तीच एकनिष्ठेची शपथ. पिंजरा आणि मोकळे उडणारे पाखरू: ‘मोकळीक मला एकनिष्ठ ठेवते.’ ह्यात शपथ कमी आणि अट जास्त आहे. मला बांधू नकोस, मग मी तुझाच. गोगलगाय: ‘नेहमी घरीच.’ ह्याला प्रेमाचे आमंत्रण समजावे, आळशी मित्राचा विनोद समजावा की घरकोंबडेपणाची कबुली, हे पत्र कोणाकडून आले त्यावर अवलंबून. लाटांवर हेलकावे खाणारी होडी, पण तारा नाही: ‘आयुष्य हे असे.’ माझ्या होडीची ही निराश बहीण. एक तारा काढून टाकला की प्रेम जाऊन तत्त्वज्ञान उरते, हे मला ह्या दोन ठशांनी शेजारी शेजारी ठेवल्यावर शिकवले.

काही ठिकाणी कोटी सरळ शब्दावर असते. फ्रेंचमध्ये ‘पाँसे’ म्हणजे विचार, आठवण. आणि पँझीच्या फुलाचे नावही ‘पाँसे’. म्हणून नुसते फूल कोरले की वाक्य पूर्ण झाले: माझी आठवण ठेव. अशीच अक्षरांची कोटी त्या काळच्या अंगठ्यांतही होती. माणिक, पाचू, गार्नेट, अमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि हिरा असे सहा खडे ओळीने बसवत. त्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जोडली की ‘रिगार्ड’, म्हणजे आदर, जिव्हाळा, हा शब्द तयार होई. बोटात घालून चारचौघांत मिरवायचे, आणि वाचायचे ज्याने दिले त्याने आणि जिने घेतले तिने.

काही मुद्रा चक्क ताकीद देत: लवकर लिही; विसरू नकोस. स्कॉटिश बोलीतले ‘डिना फर्गेट’ हे दोन शब्द इतके लोकप्रिय होते की पुढे ते ब्रोचांवर आणि लॉकेटांवरही आले.

हे सगळे एकोणिसाव्या शतकातले खूळ असावे असे मला वाटत होते. पण इंग्लंडच्या शेतांत धातुशोधक यंत्रे घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांना सापडलेल्या वस्तूंची १९९७ पासून पद्धतशीर नोंद होते. त्या नोंदींत तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शिशाच्या आणि पितळेच्या चिमुकल्या मुद्रा शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतल्याही पुष्कळांवर नाव नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये जमिनीच्या व्यवहारासाठी साध्या शेतकऱ्यालाही मुद्रा लागू लागली होती. ज्याला नाव कोरून घेणे परवडत नसे तो तयार मुद्रा घेई. एका मुद्रेवर खार बसली आहे: ‘मी अक्रोड फोडते.’ एकीवर झोपलेला सिंह: ‘मला कोणी उठवू नका.’ एकीवर ससा शिकारी कुत्र्यावर स्वार झाला आहे आणि शिकाऱ्याची आरोळी तोच ठोकतो आहे. काहींवर दोन चेहरे समोरासमोर, मध्ये झाड: ‘तू माझ्यावर प्रेम कर, मी तुझ्यावर.’ एक मुद्रा स्वतःबद्दलच बोलते: ‘मी खऱ्या प्रेमाची मुद्रा आहे.’ आणि एका लॅटिन ब्रीदात तीनच आज्ञा आहेत: फोड, वाच, लपव.

म्हणजे टॅसीने नवे काही शोधले नव्हते. त्याने जुन्या सवयीला काच आणि छापील यादी दिली. सिंहाची मुद्रा दाबून जमीन विकणारा शेतकरी आणि होडीची मुद्रा दाबून पत्र पाठवणारा तरुण ह्यांच्यामध्ये पाचशे वर्षांचे अंतर आहे, पण दोघांनी नावाऐवजी एक चित्र आणि एक वाक्य निवडले.

*

‘फोड, वाच, लपव’ ह्यातला विश्वास मात्र पुढे डळमळला. लाख फोडल्याशिवाय पत्र उघडत नाही ही समजूत सरकारने कधीच मानली नव्हती. लंडनच्या टपाल कचेरीत परदेशी पत्रे गुपचूप उघडणारा एक गुप्त विभाग अठराव्या शतकभर काम करत होता, आणि ठशांची हुबेहूब नक्कल करणारे कारागीर त्याच्या नोकरीत होते. हे लोकांपुढे आले १८४४ मध्ये. इटलीतून परागंदा होऊन लंडनमध्ये राहणारा क्रांतिकारक जोसेफ मॅझिनी (सावरकरांनी ज्याचे आत्मचरित्र मराठीत आणले तोच) ह्याला आपली पत्रे उघडली जातात असा संशय आला. त्याने पत्रांत बारीक दाणे घालून पाहिले. पत्र पोचले तेव्हा दाणे नाहीसे झालेले. प्रकरण पार्लमेंटात गेले, गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम ह्यांच्या हुकमाने हे झाल्याचे उघड झाले, थॉमस कार्लाइलने वर्तमानपत्रात मॅझिनीची बाजू घेतली आणि ‘पंच’ साप्ताहिकाने ‘ग्रॅहमविरोधी’ चकत्या काढल्या. पत्र बंद करायच्या चकत्यांवर गृहमंत्र्यांना टोमणे मारणारी चित्रे आणि ब्रीदे! प्रेमिकांनी वडिलांसाठी शोधलेली युक्ती लोकांनी सरकारवर उलटवली. पत्राच्या पाठीवर काय लिहिले आहे ते उघडणाऱ्याला वाचावेच लागते, हे दोघांनाही ठाऊक होते.

पण तोवर मुद्रांचे दिवस भरत आले होते. १८४० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये एक पेनीचे सरसकट टपाल सुरू झाले आणि मे महिन्यात पहिले तिकीट आले. दर आता वजनावर ठरू लागला, कागदांच्या संख्येवर नाही. पाकीट वापरायला हरकत उरली नाही. १८४५ मध्ये पाकिटांच्या घड्या घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले गेले आणि १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात लोक ते यंत्र बघायला गर्दी करत होते. गोंद लावलेले पाकीट जिभेने ओले केले की बंद. लाख, मेणबत्ती, फुंकर, दाब, ह्यातले काहीच नको. आणि तिकीट पाठवणाऱ्यानेच लावायचे असल्यामुळे दारात पैसे मोजण्याच्या निमित्ताने पत्र उलटून बघणारे वडीलही मागे सरले. मुद्रा साखळीवर लोंबकळत राहिली, दागिना म्हणून. तिचे वाक्य उलटेच राहिले. सुलट करायला लाख कोणी वितळवीना.

*

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. दुकानातून घेतलेले वाक्य खोटे का?

ह्याचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागायला नको होते. आपल्याकडे नवी नवरी उखाणा घेते. उखाणा बहुधा तिचा नसतो. मावशीने सांगितलेला असतो, छापील पुस्तकातून पाठ केलेला असतो, ह्याआधी दहा जणींनी घेतलेला असतो. त्यात एक रिकामी जागा असते, आणि तिथे ती एक नाव घालते. खोलीभर लोक ऐकत असतात, हसत असतात, आणि तरीही ते नाव उच्चारताना तिचा आवाज बदलतो. उखाणा उसना असतो. नाव आणि आवाज उसने नसतात. शिवाय उसना असल्यामुळेच तिला तो सगळ्यांदेखत घेता येतो. स्वतःच्या शब्दांत बोल म्हटले असते तर ती गप्प बसली असती.

होडीच्या मुद्रेतही एक रिकामी जागा आहे. ती पत्त्याची. वाक्य टॅसीचे, ते कोणत्या नावाच्या पत्रावर दाबायचे हे ज्याच्या हातात मुद्रा आहे त्याचे.

ह्याचा सगळ्यात हृदयद्रावक दाखला इंग्रजी कवी जॉन कीट्सचा आहे. १८१९ च्या वसंतात त्याने धाकटी बहीण फॅनी कीट्स हिला एक पत्र लिहिले. आईवडील नसलेली ही पंधरा वर्षांची मुलगी एका कडक पालकाच्या घरी राहत होती आणि भावाला तिला भेटणेही सोपे नव्हते. तिच्या पत्रावरचा ठसा पाहून कीट्स विचारतो की तुझी मुद्रा टॅसीची आहे का. आपण लेस्टर चौकातून जाताना तिच्यासाठी काही घेणार होतो, पण तिच्याकडे असलेलीच पुन्हा घेतली जाईल म्हणून थांबलो, असे सांगतो. आणि तुला ब्रीदाच्या मुद्रा आवडतील, की शेक्सपिअर-मिल्टनच्या चेहऱ्याच्या, असेही विचारतो. भेटता न येणाऱ्या भावाने बहिणीशी बोलायला काढलेला हा विषय आहे. इंग्रजीतल्या थोर शब्दप्रभूंपैकी एक माणूस बहिणीला दुकानातली तयार वाक्ये द्यायला निघाला होता, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नव्हता.

त्याच्या पत्रांवर उमटलेल्या एका मुद्रेत ग्रीक तंतुवाद्य आहे, लायर, आणि फ्रेंच वाक्य: ‘जो माझी हेळसांड करतो तो मला दुःखी करतो.’ वाद्य वाजवले नाही तर ते मुके होते, माणसाचेही तसेच, एवढाच अर्थ. हजारो लोक ते वाक्य वापरू शकत होते. पण हे लक्षात घ्या की ते वापरणाऱ्याच्या कवितेची टीकाकारांनी टर उडवली होती, त्याच्या एका भावाचा क्षयाने मृत्यू झाला होता आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या फॅनी ब्रॉनवर त्याचे विलक्षण प्रेम होते. त्याच्या हातून उमटल्यावर ते वाक्य दुकानाचे राहिले नाही.

१८२० च्या सप्टेंबरात क्षयाने पोखरलेला कीट्स इटलीला निघाला. रोममध्ये त्याला फॅनी ब्रॉनची पत्रे आली. ती उघडण्याचे त्याला धैर्य झाले नाही. १८२१ च्या फेब्रुवारीत तो गेला, तेव्हा ती न उघडलेली पत्रे त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवली गेली. इतिहासात लाख फोडण्याच्या पुष्कळ कथा आहेत. वडिलांनी फोडलेली, सरकारने फोडलेली. ज्याच्यासाठी पत्र होते त्यानेच ते बंद ठेवले, अशी मला ठाऊक असलेली ही एकच.

रोममधल्या त्याच्या थडग्यावर अर्ध्या तारा तुटलेली लायर कोरली आहे. त्याच्या इच्छेप्रमाणे दगडावर त्याचे नाव नाही. वर एक चित्र आणि खाली काही शब्द. मुद्रांच्या नादी लागण्यापूर्वी मी त्या दगडाचे छायाचित्र पाहिले होते आणि नाव का नाही ह्याचे नवल केले होते. आता ते वेगळे दिसते. चित्र, वाक्य आणि नावाची रिकामी जागा. ज्याला ओळखायचे तो ओळखेल. कीट्सच्या काळातल्या कोणालाही ती रचना परकी वाटली नसती. त्यांच्या साखळीला तीच लोंबत होती.

माझी होडी आता देवघराशेजारच्या कपाटात आहे. ती कोणी घेतली, कोणासाठी घेतली, हे कळण्याचा मार्ग नाही, आणि आता त्याचा मला फारसा सलही नाही. भिंगातून पाहिले की बुडबुडा दिसतो. पण भिंग बाजूला ठेवले की दुसरेही काही दिसते: मुठीच्या एका बाजूची नक्षी पार झिजून गुळगुळीत झाली आहे, आणि तिथे अंगठा बरोबर बसतो. वाक्य साच्यातून आले होते. ती झीज साच्यातून आलेली नाही. कोणीतरी ते पुन्हा पुन्हा दाबले होते.

यंदा दिवाळीत लेकीला फराळाचा डबा पाठवताना आतल्या चिठ्ठीची घडी घालून मी तिच्यावर लाखेचा थेंब टाकला आणि होडी दाबली. फोनवर ती म्हणाली, “आई, डबा पोचला. आणि तारा पण.”